माझ्याकडे तर चालतंय!

शनिवार सकाळ, चहाचा दुसरा कप, आणि डोक्यात अजून कालचा शुक्रवारच. आज जरा तांत्रिक लिहिणार आहे, पण मंडळी, लगेच पळू नका. गोष्ट शेलच्या फायलींची असली तरी चूक माणसाची आहे, आणि तो माणूस म्हणजे अस्मादिक.

झालं असं. आमच्या टीममधल्या ज्युनियरने डेटाबेसच्या रोजच्या बॅकअपसाठी एक स्क्रिप्ट लिहिली. सर्व्हरवर पोस्टग्रेस नेहमीच्या जागी नव्हतं, वेगळ्या फोल्डरमध्ये टाकलेलं होतं. त्यामुळे पीजी-डंप ही कमांडच सापडेना. तो विचारायला आला. मी स्क्रीनवरची नजरही न काढता म्हटलं, "अरे, डॉट बॅशआरसीत पाथ वाढव, झालं." त्याने वाढवला, आम्ही स्क्रिप्ट हाताने चालवून पाहिली, मस्त चालली. क्रॉनमध्ये रात्री दोनची वेळ लावताना त्याने विचारलं, "पण क्रॉन ही फाइल वाचतो का?" मी म्हटलं, "माझ्याकडे तर चालतंय. उगाच शंका काढू नकोस."

तीन आठवड्यांनी एक टेबल चुकून उडालं. बॅकअपचं फोल्डर उघडलं. रोजच्या तारखेची एकेक फाइल अगदी शिस्तीत उभी. प्रत्येकीचा आकार २० बाइट! काहीच आत न घालता जीझिपने बांधलेलं गाठोडं एवढंच भरतं.

आता हे कसं झालं ते बघा. स्क्रिप्ट पीजी-डंपचं आउटपुट पाइपने जीझिपकडे देत होती. पीजी-डंप सापडलाच नाही. पण वेगळं सांगितलं नसेल तर बॅश पाइपचा निकाल शेवटच्या कमांडवरून ठरवतो. जीझिपने रिकामं पोतं नीट शिवलं आणि 'सगळं ठीक' असं कळवलं. खरी तक्रार क्रॉन रोज सर्व्हरवरच्या मेलबॉक्समध्ये टाकत होता. तो मेलबॉक्स उघडतो कोण?

मूळ मुद्दा शिदोरीचा आहे. प्रत्येक प्रोसेस आपल्या मुलाला निघताना एन्व्हायरनमेंट व्हेरिएबल्सची शिदोरी बांधून देते. ती नक्कल असते. मुलाने त्यात काही बदललं तरी आईच्या डब्यात फरक पडत नाही. माझ्या टर्मिनलमधल्या बॅशने बॅशआरसी वाचलेली होती, म्हणून त्यातून निघालेल्या स्क्रिप्टला वाढवलेला पाथ मिळाला. क्रॉन मात्र माझ्या घरातून निघतच नाही. त्याची शिदोरी कोरडी: पाथमध्ये साधारण 'यूएसआर-बिन' आणि 'बिन' एवढी दोनच ठिकाणं. आणि बॅशआरसी आहे इंटरॅक्टिव्ह शेलसाठी, म्हणजे समोर माणूस बसलेला असेल तर. रात्री दोनला समोर कोण असणार?

या फायलींचा पसारा कुणी मुद्दाम केलेला नाही. १९७९च्या युनिक्स सातव्या आवृत्तीत बॉर्न शेल आला, त्याच्यासोबत एन्व्हायरनमेंट आणि डॉट प्रोफाइल आले. लॉगिन केलं की एकदा प्रोफाइल वाचायची, व्हेरिएबल्स भरायची, पुढे सगळी मुलं तीच शिदोरी खातील. साधा हिशोब. पण ॲलियससारख्या गोष्टी शिदोरीत जात नाहीत, त्या प्रत्येक नव्या शेलमध्ये पुन्हा सांगाव्या लागतात. बिल जॉयच्या सी शेलने म्हणूनच लॉगिनची फाइल वेगळी आणि दर वेळची वेगळी ठेवली. १९८९मध्ये आलेल्या बॅशने दोन्हीकडचा वारसा घेतला. लॉगिन शेल असेल तर बॅश-प्रोफाइल, बॅश-लॉगिन आणि प्रोफाइल यांतली पहिली सापडेल ती एकच फाइल; नुसता इंटरॅक्टिव्ह असेल तर बॅशआरसी. त्यात मॅकचं टर्मिनल प्रत्येक खिडकी लॉगिन शेल म्हणून उघडतं, लिनक्सची टर्मिनल्स सहसा तसं करत नाहीत. आणि २०१९च्या कॅटालिनापासून मॅकवर डीफॉल्ट झेडशेल आहे, त्याच्या फायली आणखी निराळ्या. गोंधळ होणारच.

गोंधळावर आमच्याकडचा लाडका उपाय म्हणजे तीच ओळ सगळ्या फायलींत चिकटवणे. दुसरा उपाय, स्क्रिप्टमध्येच बॅशआरसी सोर्स करणे. यातली गंमत म्हणजे उबुंटूच्या तयार बॅशआरसीत अगदी वरच लिहिलेलं असतं की शेल इंटरॅक्टिव्ह नसेल तर इथूनच परत फिर. तुमची ओळ तळाशी, तिथपर्यंत कोणी पोचतच नाही! तिसरा उपाय, स्क्रिप्ट लॉगिन शेलमधून चालवणे. हे चालतं. पण मग कंपनीचा बॅकअप कुणाच्या तरी घरगुती फाइलवर टेकलेला राहतो. उद्या त्याने हौसेने ती आवरली की संपलं.

माझं मत आता पक्कं झालंय. घरच्या फायली माणसांसाठी आहेत. व्हेरिएबल्स प्रोफाइलमध्ये, ॲलियस आणि प्रॉम्प्ट बॅशआरसीत, आणि प्रोफाइलमधून बॅशआरसीला एक हाक, बास. पण माणूस समोर नसताना चालणाऱ्या स्क्रिप्टने आपली शिदोरी स्वतः बांधावी. पाथ स्क्रिप्टच्या पहिल्या काही ओळींतच लिहावा. पाइपफेल चालू करावं. शेवटी फाइलचा आकार तपासावा आणि अधूनमधून ती खरंच रिस्टोअर करून बघावी. चाचणीही 'एन्व्ह हायफन आय' लावून, म्हणजे शिदोरी काढून घेऊन करावी. उपाशीपोटी चालली तर ती खरी चालली.

कुणी म्हणेल, एवढं प्रत्येक स्क्रिप्टला कोण करत बसणार? पाच-सहा ओळी जास्त. आमचं ते टेबल पुन्हा भरायला दोन माणसांचे चार दिवस गेले, जुन्या ईमेलमधल्या एक्सेल शोधून शोधून.

आता राहिलेली गोष्ट. काल मीटिंगमध्ये मॅनेजरने विचारलं, "स्क्रिप्ट कोणाची?" ज्युनियर म्हणाला, "माझी. माझ्याकडून तपासायचं राहिलं." माझं नाव त्याने घेतलं नाही. मी वहीत काहीतरी लिहीत असल्यासारखं केलं. तपासायचं त्याच्याकडून राहिलं नव्हतं हो. त्याने नेमका प्रश्न विचारला होता आणि मी तो उडवून लावला होता.

सोमवारी मॅनेजरला मेल जाईल, त्याला सीसी करून. हे इथे लिहून ठेवतोय, म्हणजे सोमवारपर्यंत माझं धैर्य आटायला नको.

चहा गार झाला. असो.