घरचें मत्स्यालय : शेजाऱ्यांचीं भांडणें

काचपेटींतील एंजल माशाचे लांब पर कुरतडलेले दिसूं लागले, कीं घरांत प्रथम रोगाचा संशय येतो. परंतु त्याच पेटींत दोन-तीन टायगर बार्ब असतील, तर वाचकांनीं औषधाच्या बाटलीकडे हात नेण्यापूर्वीं घटकाभर पेटीसमोर बसून पाहावें. हा सुमात्रा बेटाकडील पट्टेदार मासा मुळांत कळपांत राहणारा. सहा-आठ असले म्हणजे त्यांची खोडी बहुतेक आपसांतच जिरते. दोघे-तिघेच ठेवल्यास ती शेजाऱ्यांच्या परांवर निघते. तथापि कळप वाढविला तरी लांब परांच्या माशांसोबत त्यांस ठेवूं नये, असेंच आमचें मत आहे.

जखमी मासा तत्काळ वेगळ्या भांड्यांत काढावा. त्यांत पेटींतीलच पाणी घ्यावें, हवेची नळी सोडावी व रोज चतुर्थांश पाणी बदलावें. नळाचें पाणी क्लोरीन काढूनच घालावें. दर लिटरास एक ते दोन ग्रॅम मीठ, आधीं विरघळवून, पुरे होतें. हळदीचा मोह मात्र आवरावा. तिनें पाणी गढूळ होतें. पराचें मूळ शाबूत असेल तर पर बहुधा पुन्हा वाढतो. कडा पांढऱ्या वा लाल होऊन झिजूं लागल्या, तर जंतूंचा शिरकाव झाला असें समजून जाणत्याच्या सल्ल्यानें औषध द्यावें.

मासा बरा झाला तरी बार्बांची दुसरीकडे सोय केल्यावांचून त्यास परत सोडूं नये. जागेवरून भांडणाऱ्या सिक्लिडांची गोष्ट निराळी. तेथें दांडग्यासच कांहीं दिवस बाहेर काढून दगडांची मांडणी बदलावी. परतल्यावर त्याची जुनी हद्द उरलेली नसते.