सुईला मान्यता, बिलाला नकार

आज ९ डिसेंबर. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९४२ साली याच दिवशी चीनमध्ये, जखमींची सेवा करीत असताना गेले. वय अवघे बत्तीस. आज त्यांच्यावरील व्ही. शांताराम यांच्या १९४६ मधील चित्रपटाची आठवण निघेल, भारत-चीन मैत्रीची भाषणे होतील. १९३८ मध्ये भारतातून चीनला गेलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकात कोटणीसांबरोबर नागपूरचे डॉ. चोळकर होते, तसेच बंगालचे डॉ. बिजय कुमार बसूही होते. हे बसू १९५० च्या दशकाअखेर पुन्हा चीनला गेले, ॲक्युपंक्चर शिकले आणि परतल्यावर त्यांनी कलकत्त्यात ते रुजवले. कोटणीस स्वतः शल्यचिकित्सक. सुया त्यांनी आणल्या नाहीत. पण त्यांच्या नावाने स्थापन झालेल्या समितीच्या केंद्रांतून हा उपचार गोरगरिबांपर्यंत पोचला. स्मृतिदिनी हाही वारसा आठवावा, आणि त्याचे पुढे काय झाले तेही पाहावे.

मान्यतेच्या बाबतीत बरेच झाले. बंगालने कायदा केला, त्यानंतर महाराष्ट्राने २०१५ चा ॲक्युपंक्चर कायदा केला आणि परिषद नेमून व्यावसायिकांची नोंदणी सुरू केली. केंद्रानेही आधी २००३ मध्ये आणि मग २०१९ मध्ये या उपचाराला मान्यता दिली. मात्र नोंदणीकृत उपचारकाचे रीतसर बिल विमा कंपनीकडे गेले, की घोडे तिथेच पेंड खाते.

कारण आपला आरोग्यविमा आजाराकडे पाहत नाही, खाटेकडे पाहतो. चोवीस तास दाखल राहा, नाहीतर डे केअरच्या यादीत बसा. एरवी खर्च तुमचा. विमा प्राधिकरणाने जानेवारी २०२४ मध्ये आयुष उपचारांना इतर उपचारांच्या बरोबरीने वागवा, असे कंपन्यांना सांगितले आणि एप्रिलपासून ते लागू झाले. पाऊल चांगलेच होते. पण आयुषमध्ये आयुर्वेद, योग, निसर्गोपचार, युनानी, सिद्ध, सोवा-रिग्पा आणि होमिओपॅथी येतात. ॲक्युपंक्चर येत नाही. उपचार म्हणून घेतलेल्या मसाजची अवस्था आणखी वाईट. पॉलिसीतले वगळलेल्या खर्चांचे पान काढून पाहा. स्पा, निसर्गोपचार केंद्रे ‘आणि तत्सम ठिकाणी’ घेतलेले उपचार एका कलमात बाद, विश्रांती आणि पुनर्वसनासाठी दाखल होणे दुसऱ्यात बाद, ‘सिद्ध न झालेले उपचार’ तिसऱ्यात. पक्षाघातानंतर आखडलेला खांदा मोकळा करणारे हात आणि रिसॉर्टमधले सुगंधी तेल यांत फरक करण्याची तसदी ही कलमे घेत नाहीत.

याचा परिणाम उफराटा होतो. घरून येऊन-जाऊन होण्यासारख्या उपचारासाठी रुग्णाला खाटेवर झोपवण्याचा मोह रुग्णालयाला पडतो आणि रुग्णालाही. दहा बैठकांचे पैसे नाकारणारी व्यवस्था खोलीभाड्यासह त्याच्या कितीतरी पट बिल चुकते करते. ओपीडीची जोड असलेल्या पॉलिसी आहेत, पण त्यांचा हप्ता जास्त आणि मर्यादा तोकडी.

मग सगळेच सरसकट द्यावे काय? मुळीच नाही. जर्मनीने हा प्रश्न कसा सोडवला, ते पाहण्यासारखे आहे. तिथल्या सार्वजनिक विमा निधींनी आधी मोठ्या चाचण्यांना पैसे दिले. जुनाट कंबरदुखीच्या चाचणीत हजारावर रुग्ण होते. सहा महिन्यांनी खऱ्या ॲक्युपंक्चरने ४७.६ टक्के रुग्णांना उतार पडला, तर औषधे, व्यायाम या नेहमीच्या उपचारांनी २७.४ टक्क्यांना. पण बिंदू सोडून, वरवर टोचलेल्या लटक्या सुयांनीही ४४.२ टक्क्यांना बरे वाटले! म्हणजे शास्त्राचा दावा डळमळला, रुग्णाची कंबर मात्र सुधारली. जर्मनांनी वाद न घालता २००७ पासून कंबर आणि गुडघा या दोन दुखण्यांपुरते पैसे देणे सुरू केले. अर्धशिशीला नकार दिला. डॉक्टरने चिठ्ठीवर लिहून दिलेला मसाजही तिथे विम्यात बसतो, रुग्णाने आपला वाटा भरायचा. ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २००९ मध्ये कंबरदुखीसाठी ॲक्युपंक्चरची शिफारस केली आणि २०१६ मध्ये ती काढून घेतली. तोच पुरावा दोघांनी वेगळा तोलला, पण तोलला.

अमेरिकेने वेदनाशामक अफूजन्य गोळ्यांच्या व्यसनाने हात पोळल्यावर शहाणपण दाखवले. ज्येष्ठांच्या मेडिकेअर योजनेत जानेवारी २०२० पासून जुनाट कंबरदुखीला नव्वद दिवसांत ॲक्युपंक्चरच्या १२ बैठका मिळतात. उतार पडला तर आणखी ८, वर्षाला २० हून अधिक नाहीत. गुण नाही, तर पैसे बंद. मसाजला मात्र तिथे अजून दार बंदच आहे.

या उदाहरणांतून घ्यायचे ते एवढेच : विम्याने पद्धतीला पैसे देऊ नयेत, दुखण्याला द्यावेत. कोणते दुखणे, किती बैठका, कोणाच्या हातून आणि गुण आला का, या चार प्रश्नांची उत्तरे असतील तर सुई चिनी की मालीश देशी, याला महत्त्व नाही. ती नसतील तर परंपरेचा कितीही गौरव केला तरी तो विमाधारकांच्या सामाईक पैशातून होऊ नये. कारण प्रत्येक मंजूर क्लेम पुढच्या वर्षीच्या हप्त्यात उतरतो. उपचारकांनीही एवढी शिस्त लावून घ्यावी. दुखण्याची पहिल्या दिवसाची आणि अखेरची नोंद ज्यांच्या कागदावर नाही, त्यांनी विमा कंपनीला बोल लावू नये. मसाज करणाऱ्यांसाठी तर नोंदणीची स्वतंत्र व्यवस्थाच नाही. फिजिओथेरपिस्टांना ती आहे, म्हणून सुरुवात त्यांच्यापासून व्हावी.

महाराष्ट्राने परिषद नेमून निम्मे काम केले आहे. उरलेले निम्मे म्हणजे सार्वजनिक रुग्णालयांत कंबर आणि गुडघेदुखीवर रीतसर चाचण्या घेणे, त्यांचे निष्कर्ष अनुकूल असोत वा प्रतिकूल, जाहीर करणे, आणि त्या आधारे विमा प्राधिकरणाने चोवीस तासांची अट या दुखण्यांपुरती शिथिल करणे. तोवर विमाधारकांनी नूतनीकरणाचे पैसे भरण्याआधी वगळलेल्या खर्चांचे पान वाचावे आणि ओपीडीत काय मिळते, हे कंपनीला लेखी विचारावे. तोंडी आश्वासनावर क्लेम मंजूर होत नाही.