करमणुकीमागील श्रम

रात्रीं जेवणें आटोपल्यावर हल्लीं घरोघरीं चित्रकथा पाहण्यांत वेळ जातो. ही करमणूक मुलांनीं किती घ्यावी, याविषयीं पालकांस व आम्हां शिक्षकांस नित्य बोलावें लागतें. परंतु ज्यांच्या श्रमांतून ती निर्माण होते, त्यांस योग्य मोबदला मिळतो कीं नाहीं, हा प्रश्न क्वचितच कोणाच्या मनांत येतो. तो यावा, म्हणून हा लेख.

अमेरिकेंत, हॉलिवूड येथें, २ मे २०२३ रोजीं सुमारें ११,५०० पटकथालेखकांनीं लेखणी खालीं ठेविली. १४ जुलैपासून सुमारें १,६०,००० सभासदांचा नटनटींचा संघहि त्यांस येऊन मिळाला. १९६० नंतर हे दोन्ही वर्ग प्रथमच एकाच वेळीं संपावर होते. लेखकांचा संप १४८ दिवस चालला, नटांचा ११८ दिवस.

कारण काय? पूर्वीं एखादी मालिका दूरचित्रवाणीवर पुन्हां दाखविली, कीं लेखक व नट यांस कांहीं रक्कम मिळे. काम नसलेल्या महिन्यांत तिच्यावर पुष्कळांची चूल पेटे. आंतरजालावरून चित्रें पोहोंचविणाऱ्या कंपन्या आल्यावर ही मिळकत आटली. चित्र किती जणांनीं पाहिलें, याचा पुरता हिशेब कंपनीपाशींच राहिला. माल घेणाराच तराजू धरतो आणि वजनहि सांगत नाहीं, अशा बाजारांत शेतकऱ्याचें काय होतें, हें आमच्या पालकांस सांगावयास नको. त्यांत, यंत्राकडून कथा लिहवून घेतील, नटाची मुद्रा एकदां टिपून ती वाटेल तेव्हां वापरतील, ही नवी भीतीहि होती.

कोणी म्हणतील, हे तर श्रीमंत लोक! परंतु ज्यांचीं नांवें आपणांस ठाऊक असतात, ते थोडे. बहुसंख्य नटांची या धंद्यांतील कमाई संघाच्या आरोग्यविम्यास पात्र होण्याइतकीहि नव्हती.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. संपामुळें सुतार, वेषकार, गाडीवाले यांचाहि रोजगार बुडाला. सुक्याबरोबर ओलेंहि जळतें, हें खरें. म्हणूनच संप हा शेवटचाच उपाय असावा, असें आम्ही मानतों. पण एकटा लेखक कंपनीच्या दारीं जाऊन काय मिळवील? त्याच्या जागीं दुसऱ्या दिवशीं दुसरा उभा करतां येतो. गांव करी तें राव न करी, ही म्हण आपल्या पूर्वजांनीं अनुभवानेंच केली आहे.

फळ काय मिळालें, तेंहि पाहावें. यंत्रानें लिहिलेल्या मजकुरास लेखकाचें स्थान मिळणार नाहीं, प्रेक्षकांच्या पाहण्याचे तास लेखकसंघास कळवावे लागतील, आणि नटाची यंत्रनिर्मित प्रतिकृति त्याच्या संमतीवांचून व मोबदल्यावांचून वापरतां येणार नाहीं, असे करार झाले. सर्व मागण्या पुऱ्या झाल्या नाहींत. पण कंपन्यांस हिशेबाचें दार किंचित् उघडावें लागलें.

आपल्याकडेहि हा प्रश्न नवा नाहीं. चित्रपटगीतांचे कवि व संगीतकार यांस गीताच्या पुढील मिळकतींत वांटा मिळावा, म्हणून २०१२ सालीं भारताच्या कॉपीराइट कायद्यांत दुरुस्ती झाली. राज्यसभेंत कवि जावेद अख्तर यांनीं तिची बाजू हिरीरीनें मांडली. हा वांटा आतां त्यांस चित्रसंस्थेस लिहून देतांच येत नाहीं. गरजू मनुष्य काय वाटेल त्यावर सही करतो, हें कायद्यानें ओळखलें.

विद्यार्थ्यांनो, तुमच्यांपैकीं कोणी उद्यां लेखक, वादक किंवा छायाचित्रकार होईल. कोणी गिरणींत वा कचेरींत जाईल. करार वाचल्यावांचून सही करूं नका. आणि सोबती रास्त मागणीसाठीं काम सोडून उभा असेल, तर त्याची रिकामी जागा कमी दामांत भरावयास धांवूं नका. आज त्याचा दर उतरला, तर उद्यां तुमचाहि उतरेल.