किनारा दिसेपर्यंत

मेडशीच्या आठवडी बाजारात सुके बोंबील विकायला बसणाऱ्या मावशींना परवा विचारले, हा माल येतो कुठून? "अकोल्याहून आनतो बाप्पा. तिकडं थो मुंबईकून येते म्हन्तात." आपला आणि समुद्राचा संबंध एवढाच: पातूरचा घाट चढून आलेली एक गोणी. किनारा इथून चारशेहून अधिक किलोमीटर लांब. त्या गोणीतला बोंबील कुणाच्या तरी डोल जाळ्यात सापडला, वलांडीवर वाळला, चार हातांतून फिरत वऱ्हाडात आला. ज्याने होडी त्या जागेवर नेली त्याचे नाव मावशींना ठाऊक नाही, मलाही नाही.

हे मासिक गोड्या पाण्याचे. कटला, रोहू, मृगळ, बोटुकली, तलावाचा ठेका, संस्थेच्या निवडणुका, हे आपले विषय. पण नोव्हेंबर आला की 21 तारखेचा जागतिक मत्स्यव्यवसाय दिन येतो, सभागृहात हार येतात, भाषणांत उत्पादनाचे टन मोजले जातात. त्या टनांत माणसे कुठेच नसतात. म्हणून या वेळी मी एका तांडेलाबद्दल लिहिणार आहे. तो आपल्या जिल्ह्यातला नव्हता, आपल्या राज्यातलाही नव्हता. गेला मात्र मुंबईच्या दारात.

तांडेल म्हणजे मासेमारी होडीचा कप्तान. होडी मालकाची, मुंबईकडे त्याला नाखवा म्हणतात. जाळे ओढणारे ते खलाशी. या दोघांच्या मध्ये तांडेल. जाळे कुठे टाकायचे, किती वाव पाण्यात टाकायचे, भरतीला उधाण आहे की भांग, वारा फिरला तर परतायचे की आणखी एक ओढ घ्यायची, हे सगळे तो ठरवतो. कोळी समाजात तांडेल आणि नाखवा ही आडनावेही आहेत, इतका हा हुद्दा अंगात मुरलेला. हाच शब्द गुजरातच्या बंदरांवर चालतो. तिथल्या होड्यांवर कामाला जाणाऱ्या श्रीकाकुलमच्या तेलुगू माणसांनीही तो उचलला, आणि 2025 मध्ये त्याच नावाचा तेलुगू चित्रपट आला.

ज्या तांडेलाबद्दल लिहायचे ते अमरसिंह सोलंकी, 'कुबेर' या ट्रॉलरचे तांडेल. पोरबंदरहून ही होडी नोव्हेंबर 2008 मध्ये मासेमारीला निघाली तेव्हा तीवर पाच जण होते. 23 नोव्हेंबरला कराचीहून आलेल्या दहा अतिरेक्यांनी ती ताब्यात घेतली. चार खलाशांना मारले. तांडेलाला ठेवले. पुढचे तीन दिवस सोलंकींनी ती होडी मुंबईच्या दिशेने हाकली. 26 तारखेला शहर टप्प्यात आले तेव्हा त्यांचा गळा चिरला गेला. दहाही जण रबरी होडीतून कफ परेडच्या मच्छीमार वस्तीत, बधवार पार्कजवळ उतरले. पुढचे सगळ्यांना पाठ आहे. दुसऱ्या दिवशी तटरक्षक दलाला 'कुबेर' समुद्रात तरंगताना सापडली. इंजिनाच्या खणात तांडेलाचा मृतदेह होता.

ही घटना मी सुरक्षेच्या चर्चेसाठी काढलेली नाही, ती चर्चा करणारे पुष्कळ आहेत. मला त्यातली धंद्याची गोष्ट दिसते. त्या दहा जणांकडे जीपीएस होते, सॅटेलाइट फोन होता, महिनोन् महिन्यांचे प्रशिक्षण होते. मुंबई कुठल्या अक्षांशावर आहे ते यंत्र सांगत होते. तरीही किनारा दिसेपर्यंत त्यांना तांडेल जिवंत लागला. होडीचे इंजिन, तिची डुगडुगण्याची रीत, रात्री समोरून येणाऱ्या जहाजाचे दिवे, वाटेत भेटणाऱ्या इतर होड्यांना संशय येणार नाही अशी चाल, हे यंत्रात भरता येत नाही. एखाद्या कारागिराच्या कसबाची किंमत इतक्या क्रूर रीतीने क्वचितच सिद्ध झाली असेल. दरवर्षी 26 तारखेला मेणबत्त्या लागतात तेव्हा मी 'कुबेर'वरच्या पाच जणांची नावे ऐकायचा प्रयत्न करतो. बहुधा येत नाहीत.

बाकीच्या चौघांचे मृतदेह समुद्राने परत दिले नाहीत. आणि इथून त्यांच्या घरच्यांचा दुसरा छळ सुरू झाला. देह नाही तर दाखला नाही, दाखला नाही तर भरपाई नाही. आपल्या पुराव्याच्या कायद्याप्रमाणे माणूस सात वर्षे कुणाला दिसला-कळला नाही तर तो मेला असे धरता येते. शेतावर, कारखान्यात गेलेल्याचा देह बहुधा मिळतो. समुद्रात गेलेल्याचा मिळेलच असे नाही. तेव्हा हा नियम ज्या धंद्यावर सर्वांत जड पडतो तो मासेमारीचा. पुढच्याच वर्षी, 11 नोव्हेंबर 2009 ला, फयान वादळ अलिबाग आणि मुंबईच्या मध्ये किनाऱ्यावर चढले. कित्येक होड्या आधीच खोल पाण्यात होत्या. रत्नागिरी, सिंधुदुर्गातली माणसे परतली नाहीत, आणि पुन्हा त्याच दाखल्याचा प्रश्न उंबऱ्यावर येऊन बसला.

वादळाची बातमी तरी होते. समुद्रातली बरीच मरणे बातमी होण्याइतकी मोठी नसतात. दहा-पंधरा दिवसांची फेरी, लहानशा होडीत सात-आठ माणसे, खाली बर्फाचे खण, वर जाळ्यांचा ढीग, झोप तुकड्या-तुकड्यांची. विंचवरचा ताणलेला दोर तुटला तर तो माणसाला चाबकासारखा कापत जातो. होडीवर शौचालय नसते. रात्री काठाला धरून बसलेला माणूस एका लाटेत जातो आणि सकाळी चहाच्या वेळी तो मोजणीत कमी भरतो. मालवाहू जहाजाच्या वाटेवर लहान होडी आली तर वरच्या माणसाला ती दिसतेच असे नाही. हे लिहिणे ओंगळ वाटेल, पण मत्स्यव्यवसायाच्या पुस्तकांत हे नसते म्हणून लिहिले. आंतरराष्ट्रीय कामगार संघटना पूर्वी वर्षाला 24 हजार मासेमार मरतात असा अंदाज देत असे. 2022 मध्ये आलेल्या एका अभ्यासाने तो आकडा एक लाखाच्या वर नेला. मच्छीमारांच्या कामाबद्दलचा 188 क्रमांकाचा आंतरराष्ट्रीय करार 2007 मध्ये झाला, 2017 च्या नोव्हेंबरात लागू झाला.

तांडेलावर आणखी एक ओझे असते. फेरीचा डिझेल, बर्फ, शिधा यांचा खर्च आधी वजा होतो, उरलेल्याचे वाटे पडतात. तांडेलाचा वाटा मोठा, पण उरले तरच. हंगामाआधी मालकाकडून घेतलेली उचल डोक्यावर. 1 जून ते 31 जुलै असे 61 दिवस बंदी, त्यात घर चालवायचे. अशा माणसाला आभाळ काळवंडल्यावर 'परत फिरू' म्हणणे सोपे नसते. रिकामी होडी घेऊन आलेला तांडेल पुढच्या हंगामात तांडेल राहतोच असे नाही. समुद्रातले पुष्कळ अपघात बंदरावरच्या हिशेबाच्या वहीत सुरू होतात, असे माझे मत आहे.

26/11 नंतर किनाऱ्यावर ओळखपत्रे आली, टोकन आले, सागरी पोलीस ठाणी वाढली. मच्छीमारांना देशाचे डोळे आणि कान म्हटले जाऊ लागले. डोळे-कान झाले, हात-पाय मात्र पूर्वीसारखेच उघडे. बदल अगदीच नाहीत असे नाही. 30 ऑगस्ट 2024 ला पालघरमध्ये, वाढवण बंदराच्या भूमिपूजनाच्या कार्यक्रमात, होड्यांवर उपग्रहाने दुतर्फा निरोप देणारी एक लाख यंत्रे बसवण्याची योजना सुरू झाली. फयानच्या वेळी असे यंत्र असते तर काही होड्या वेळेत वळल्या असत्या. वळवणार मात्र तांडेलच.

आता आपल्याकडे येतो. वाशिम-अकोल्याच्या तलावांवर तांडेल नाही, आणि माझी तक्रार तीच आहे. आपले भोई बांधव थर्माकोलच्या तराफ्यावर, ट्रकच्या ट्यूबवर बसून पहाटेच्या अंधारात एकटे पाण्यात जातात. कोण गेले, किती वाजता गेले, कुठल्या बाजूला गेले, हे काठावर कुणालाच ठाऊक नसते. आपण म्हणतो, तळ्याचे पाणी, त्यात काय! पण धरणाच्या पाण्याखाली बुडालेल्या बाभळींचे खुंट आत उभे आहेत. नायलॉनचे जाळे त्यात अडकते, सोडवायला गेलेल्याचा पाय त्याच जाळ्यात गुंततो, आणि मग पट्टीचा पोहणाराही वर येत नाही. हिवाळ्यात हातपाय आखडतात ते वेगळेच. समुद्रावर निदान 'परत फिरा' म्हणणारा एक माणूस होडीवर असतो. आपल्या संस्थेत अध्यक्ष आहे, सचिव आहे, ठेक्याची रक्कम भरणारा आहे. आज कुणी पाण्यात उतरू नये असे म्हणायचा अधिकार कुणालाच दिलेला नाही.

प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेतला गट अपघात विमा गोड्या पाण्यातल्या मच्छीमारालाही लागू आहे. मृत्यू किंवा कायमच्या पूर्ण अपंगत्वाला पाच लाख, अंशतः अपंगत्वाला अडीच लाख. 2025 च्या एप्रिलमध्ये राज्याने मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा दिला तेव्हा आपण पेढे वाटले. कर्ज, वीज यांत सवलत मिळेल म्हणून वाटले. सभासदांची विम्याची यादी पूर्ण आहे का, हे त्याच दिवशी किती संस्थांनी पाहिले? सचिव मंडळी, हा प्रश्न तुम्हालाच आहे, आणि उत्तर मला पत्राने कळवले तरी चालेल.

दुसरे काम याहून स्वस्त आहे. दोनशे पानी एक वही घ्या, दोरीने बांधून तलावावरच्या राखणदाराच्या झोपडीत टांगा. संस्थेतल्या एका जाणत्या माणसाला, ज्याचा शब्द पोरे ऐकतात अशाला, वारा आणि पाणी पाहून 'आज नाही' म्हणायचा हक्क ठराव करून द्या. त्या दिवशी जाळे टाकले नाही म्हणून कुणाचा वाटा कापू नका, नाहीतर तो हक्क कागदावरच राहील. वहीला तीन रकाने पुरतील. पहिल्यात उतरण्याची वेळ, दुसऱ्यात नाव आणि तलावाची बाजू. तिसऱ्यात परत आल्यावरची सही किंवा अंगठा. दुपारी बारापर्यंत तिसरा रकाना कोरा दिसला की त्या बाजूला माणूस पाठवायचा.