विचारूं नये तें

एका परिचित कुटुंबांतील सुनेची हकीगत तिच्या अनुमतीनें येथें देतों. ती एका कचेरींत नोकरीस आहे. विवाहास चार वर्षें झालीं. मधल्या सुटींत डबा उघडला कीं, एक वडीलधाऱ्या बाई विचारीत, “काय गं, गोड बातमी केव्हां?” त्यांच्या मनांत कपट नसे. परंतु गेल्याच श्रावणांत त्या सुनेचा तीन महिन्यांचा गर्भ गेला होता, हें त्यांस कोठून ठाऊक असणार? पुढें ती एकटीच आपल्या टेबलाशीं डबा खाऊं लागली.

अशा वेळीं काय करावें? खोटें सांगूं नये. तें सांभाळण्यास दुसरें खोटें लागतें. खोचक उत्तरही देऊं नये. त्याच मंडळींत उद्यां बसावयाचें असतें. उत्तर थोडकें असावें, आणि प्रत्येक वेळीं तेंच असावें : “ताई, तुमची माया कळते, पण हा विषय आम्हीं घरापुरताच ठेवला आहे.” इतकें बोलून दुसरी गोष्ट काढावी. कारण मात्र देऊं नये. कारण दिलें कीं त्यास नव्या प्रश्नाचा अंकुर फुटतो.

प्रश्न वरिष्ठांकडून किंवा छापील पत्रकांतून आला, तर “याचा कामाशीं संबंध कोणता?” असें नम्रपणें विचारण्यास संकोच नको. आयुर्विमा महामंडळाच्या नेमणुकीपूर्वीच्या पत्रकांत स्त्रियांस मासिक पाळी व गर्भधारणा यांविषयीं प्रश्न असत. १९९१ सालीं सर्वोच्च न्यायालयानें ते रकाने काढून टाकावे असें सुचविलें, आणि त्या माहितीवरून जिची नोकरी गेली होती, तिला परत घेण्यास सांगितलें. २०१७ सालीं त्याच न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनीं खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला.

परंतु न्यायालय डब्याच्या टेबलाशीं येऊन बसत नाहीं. तेथें विचारणारानेंच आवरावयास हवें. शाळेंत असतांना शिक्षकांच्या खोलींत नव्या तरुण शिक्षकांस “लग्नाचें काय?” असें आम्हीच विचारीत असूं, आणि त्यास आपुलकी समजत असूं. त्यांतील एकानें पुढें आमच्या शेजारची खुर्ची सोडून खिडकीजवळची धरली. उजेडासाठीं गेला असावा, असेंच आम्हांस तेव्हां वाटलें होतें.