ऑनलाइन मध्यस्थी हवी, पण घरून नको!

आठवडाभर कोडची हमाली केल्यावर शनिवारी काहीतरी हलकंफुलकं लिहावं असं मनात होतं. पण परवा चहाच्या टपरीवर ऑफिसातल्या एका मित्रानं आयडिया काढली... घटस्फोटाची मध्यस्थी करणारं ॲप! "नवरा एका खिडकीत, बायको दुसऱ्या, मध्ये मध्यस्थ. ना तारीख, ना प्रवास. घरबसल्या काम!" तिथं मी गप्प बसलो, इथं लिहितो.

माझी मावसबहीण अकोल्याची, सासर अमरावतीचं. केसही अमरावतीलाच. म्हणजे दर तारखेला तीन वर्षांचं लेकरू कडेवर घेऊन शंभरेक किलोमीटर जायचं आणि तेवढंच परत यायचं. नवरा नोकरीला पुण्यात, तो रात्रभराच्या गाडीनं बडनेऱ्याला उतरणार. त्यामुळे 2021 साली मध्यस्थी व्हिडिओ कॉलवर होणार हे ऐकून सगळ्यात जास्त आनंद मलाच झाला होता. मोबाइल कसा लावायचा तेही मीच तिला शिकवलं.

मध्यस्थांनी विचारलं, परत नांदायला जायची तयारी आहे का? ती म्हणाली, "हो." सगळे खूश. चार महिन्यांत पोरगी पुन्हा माहेरी! मी जरा चिडूनच विचारलं, मग हो कायले म्हटलं तू?

"दादा, मोबाइलच्या मागं मोठे बाबा बसले व्हते. लहानीचं लग्न जमवाचं व्हतं. मी काय बोलू?"

कॅमेऱ्यात माणूस दिसतो. त्याच्या समोर कोण बसलंय ते दिसत नाही. आम्ही सॉफ्टवेअरवाले नेमकं हेच विसरतो.

सुप्रीम कोर्टात हा वाद 2017 साली होऊन गेलाय. मार्चमध्ये कृष्णा वेणी नागम प्रकरणात व्हिडिओ कॉन्फरन्सिंगला मोकळीक मिळाली. ऑक्टोबरमध्ये संथिनी प्रकरणात तीन न्यायमूर्तींनी दोन विरुद्ध एक मतानं ती काढून घेतली. समेटाच्या बोलण्यात गुप्तता लागते, ती पडद्यावर टिकेलच असं नाही. समेट फसल्यावर दोघांनी मिळून अर्ज केला तर पुढचं बघता येईल, असं बहुमताचं म्हणणं. न्या. चंद्रचूड यांचं मत विरोधी होतं. मग करोना आला आणि सगळंच पडद्यावर गेलं. 2023 च्या मध्यस्थी कायद्यात तर ऑनलाइन मध्यस्थीचं स्वतंत्र कलमच आहे. दोन्ही पक्षांची लेखी संमती हवी, रेकॉर्डिंग करायचं नाही, वगैरे.

लेखी संमती! अहो, त्या कागदावर सही करतानाही मोठे बाबा शेजारी असतीलच की.

"म्हणून तर म्हणतो, जुनंच बरं," असं म्हणणाऱ्या वकील मंडळींनीही फार खूश होऊ नये. एसटीत तिच्या शेजारी कोण असायचं? मोठे बाबाच! फरक एवढाच, की तिथं मध्यस्थ त्यांना "तुम्ही जरा बाहेर बसा" म्हणू शकतात. मोबाइलवरून ते म्हणता येत नाही. आणि या एका वाक्यासाठी बाईनं दर वेळी दोनशे किलोमीटर हेलपाटा घालायचा, हाही काही न्याय नव्हे.

माझं म्हणणं साधं आहे. घर ते घर नको, खोली ते खोली करा. अकोल्याच्या बाईनं अकोल्याच्याच कोर्टात जावं, पुण्याच्या नवऱ्यानं पुण्याच्या. दोन्हीकडे बंद दाराची खोली, कोर्टाचा कॉम्प्युटर आणि नातेवाइकांना बाहेर थांबवणारा एक माणूस. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणं आहेतच. 1987 च्या कायद्यानं बाईला तिचं उत्पन्न न बघता मोफत विधी सेवा मिळते, हेही आपल्याकडे किती जणींना कुणी सांगत नाही. यात नवीन ॲप कुठं लागतं? लागते ती खोली आणि तिचं दार.

असो. बहिणीचं प्रकरण पुढे समोरासमोर बसून, दोघांच्या संमतीनं मिटलं. त्या दिवशी मध्यस्थांनी आधी मोठे बाबांना बाहेर बसवलं. तासभर ती एकटी बोलली. दोन वर्षांत पहिल्यांदाच.