शब्द वाटेंत कोठें हरवतो?

म्हाताऱ्या माणसास ऐकूं येत नाहीं, हें वाक्य आपल्या घरांतून इतक्या सहजपणें उच्चारलें जातें कीं, त्यांत कांहीं अन्याय असूं शकेल अशी शंकाहि कोणाच्या मनास शिवत नाहीं. आमच्या मनासहि ती परवांपरवांपर्यंत शिवली नव्हती. ती कशी शिवली, आणि तिच्या निमित्तानें चित्रपट व टेलिव्हिजन ह्यांच्या पडद्यामागील एका उपेक्षित विद्येची ओळख आम्हांस कशी झाली, तें ह्या महिन्यांत वाचकांपुढें मांडावयाचें योजिलें आहे.

आमच्या मातोश्रींचें वय ८८. रात्रीं आठाच्या सुमारास घरांतील सारीं माणसें मालिका पाहावयास दिवाणखान्यांत जमतात. मातोश्रीहि त्यांत असत. पात्रें कुजबुजूं लागलीं कीं त्या शेजारीं बसलेल्या नातसुनेस विचारीत, "काय ग म्हणाली ती?" पहिल्या वेळीं उत्तर मिळे, दुसऱ्या वेळीं अर्धें मिळे, आणि तिसऱ्या वेळीं "आजी, नंतर सांगतें" एवढेंच मिळे. तें 'नंतर' कधीं उगवत नसे. गेल्या पावसाळ्यांत मातोश्रींनीं विचारणें सोडलें, आणि पुढें दिवाणखान्यांत येणेंहि सोडलें. देवघराशेजारच्या खोलींत जपाची माळ घेऊन त्या एकट्याच बसूं लागल्या. "ह्या वयांत आतां हेंच बरें," असें त्या म्हणाल्या, आणि आम्हींहि त्यास वैराग्य समजून संतोष मानला. सांगावयास लाज वाटते. पण खरें तें सांगितलें पाहिजे.

आमच्या वडील बंधूंचा मुलगा पदवीधर झाल्यावर चित्रीकरणाच्या ध्वनिविभागांत शिरला. लांब काठीच्या टोकास मायक्रोफोन बांधून तो बोलणाऱ्या नटाच्या डोक्यावर अधांतरीं धरावयाचा, हें त्याचें काम. ह्या काठीस त्या धंद्यांत 'बूम' म्हणतात. पंधरा वर्षें विद्या शिकून शेवटीं काठीच धरावयाची, तर गुरें राखणें काय वाईट होतें, असें आम्ही एकदां बोलून गेलों होतों. तो त्यावर नुसता हंसला होता.

दिवाळीस तो घरीं आला, तेव्हां आजी खोलींत एकटी बसलेली पाहून त्यानें कारण विचारलें. "अरे, कान गेले माझे," त्या म्हणाल्या. तो त्यांच्या पायांशीं बसून म्हणाला, "आजी, सगळा दोष तुझ्या कानांचा नाहीं ग. थोडा आमचाहि आहे." मग आमच्याकडे वळून म्हणाला, "काका, वाईजवळ आमचें काम चाललें आहे. एक दिवस येऊन बसा. शब्द वाटेंत कोठें हरवतो तें दाखवतों."

त्याप्रमाणें आम्ही गेलों. चित्रीकरण एका जुन्या वाड्यांत होतें. प्रसंग साधाच: सून रागानें माहेरीं निघाली आहे, आणि सासू दारांत उभी राहून तिला हलक्या आवाजांत एवढेंच म्हणते कीं, घर तुझें आहे, परत ये. "शांतता" अशी हांक झाली, पंखे बंद झाले, आणि आमच्या कानांस तो वाडा अगदीं निःशब्द वाटूं लागला. पुतण्याच्या वरिष्ठांनीं आपला हेडफोन आमच्या डोक्यावर बसविला मात्र, आम्ही दचकलों. दूरच्या मळ्यांतला पाण्याचा पंप, तीन आळ्यांपलीकडे उभें असलेलें जनरेटरचें वाहन, कौलांवरचा कावळा, हीं सारीं जणूं आमच्या मांडीवर येऊन बसलीं होतीं. कानामागें मन असतें. नको तो आवाज तें बाजूस सारतें. मायक्रोफोनामागें मन नसतें. जें येईल तें तो निमूटपणें घेतो.

दुसरी अडचण अंतराची. ध्वनीचा नियम कठोर आहे. तोंडापासून एका हातावर शब्दाची जेवढी शक्ति असते, ती दोन हातांवर चतुर्थांश होते आणि तीन हातांवर नवमांश. उलट, भिंतींवरून व फरशीवरून परतलेला घुमारा खोलीभर जवळजवळ सारखाच पसरलेला असतो. म्हणून मायक्रोफोन जसजसा दूर जातो, तसतसा शब्द त्या घुमाऱ्यांत बुडत जातो. यंत्राची कळ फिरवून आवाज वाढविला तर दोन्ही वाढतात. शब्द कांहीं त्यानें उलगडत नाहीं. ह्याकरितां त्या मंडळींनीं कॅमेऱ्यास न दिसणाऱ्या कोपऱ्यांत गोधड्या टांगल्या होत्या व फरशीवर जाड सतरंज्या अंथरल्या होत्या.

मग मायक्रोफोन जवळच कां धरीत नाहींत? कारण तो चित्रांत दिसतां कामा नये. एकच कॅमेरा असता तर एक वेळ साधलें असतें. पण रोजच्या मालिकेस वेळ थोडा, म्हणून दोन-तीन कॅमेरे एकदम चालतात. एकांत नुसता चेहरा, तर दुसऱ्यांत अख्खा सोपा. दुसऱ्याच्या चौकटीबाहेर राहावयाचें तर बूम आढ्यापर्यंत उंच न्यावा लागतो. ह्यावर तोड म्हणून नटीच्या पदराखालीं हरभऱ्याएवढा लेपल माइक चिकटवितात. तो तोंडाजवळ असतो खरा. पण वस्त्राखालीं आवाज कोंदतो, रेशीम त्यावर घांसतें, मंगळसूत्र आपटतें, आणि मान वळली कीं शब्द दुसरीकडेच जातो.

तिसऱ्या खेपेस प्रसंग असा वठला कीं, आमच्याहि डोळ्यांत पाणी आलें. परंतु 'परत' ह्या शब्दावरच बाहेरच्या गल्लींतून एक मोटारसायकल गेली. ध्वनिमुद्रकांनीं पुन्हां एकदां घेण्याची विनंती केली. ऊन उतरत चाललें होतें. दिग्दर्शक म्हणाले, "चित्र उत्तम आहे. आवाजाचें पुढें पाहूं." आम्ही तेथल्या तेथें ओशाळलों. हें 'पुढें पाहूं' आणि आमच्या घरचें 'नंतर सांगतें', हीं सख्खीं भावंडें होत.

पुतण्यानें हात जोडून दोन मिनिटें मागितलीं. दिवे हलविणारे दिवे हलवीत होते, ते थांबले. नटी त्याच दारांत उभी राहिली आणि कॅमेऱ्यावांचून तींच वाक्यें तिनें त्याच भावानें तीन वेळां म्हटलीं. त्यांतील स्वच्छ शब्द घेऊन पुढें ते चित्रांतील ओठांशीं जुळवितां येतात. नंतर सर्वांना जागच्या जागीं उभें करून तीस सेकंद नुसती शांतता मुद्रित केली. प्रत्येक जागेची शांतता वेगळी असते. दोन वाक्यें जोडतांना मधली फट त्या जागेच्याच शांततेनें भरावी लागते. चाळीस माणसें श्वास आंवरून उभीं होतीं. आमच्या वर्गांत आम्हांस इतकी शांतता तीस वर्षांत मिळाली नाहीं.

ही अडचण आजची नव्हे. आर्देशीर इराणी ह्यांचा 'आलम आरा' हा पहिला हिंदी बोलपट १४ मार्च १९३१ रोजीं मुंबईस मॅजेस्टिक चित्रगृहांत लागला. त्यांचा स्टुडिओ रेल्वेमार्गालगत होता. म्हणून गाड्या थांबल्यावर रात्रींच पुष्कळसें काम करावें लागे, आणि मायक्रोफोन चित्रांत दिसूं नये अशा बेतानें लपवून ठेवावा लागे. पुढच्याच वर्षीं, १९३२ सालीं, कोल्हापुरांत प्रभात कंपनीनें 'अयोध्येचा राजा' काढून मराठी पडद्यास वाचा दिली. पुढें हलके कॅमेरे आले. ते चालतांना खडखडत, म्हणून चित्र आज घ्यावें आणि संवाद मागाहून बंद खोलींत बोलून भरावेत, ही डबिंगची रीत हिंदी चित्रपटांत रूढ झाली. तिनें शब्द स्वच्छ मिळे, पण त्या क्षणाचा श्वास निसटे. आशुतोष गोवारीकर ह्यांनीं २००१ सालच्या 'लगान' चित्रपटांत कच्छच्या उघड्या माळावर, शेंकडों माणसांच्या समुदायांत, जागेवरच संवाद मुद्रित करविले, तेव्हां मोठ्या हिंदी चित्रपटांत ती जुनी पद्धति पुन्हां मानास चढली. प्रभात कंपनी १९३३ सालीं पुण्यास आली. तिच्या त्या जागेंत आज फिल्म इन्स्टिट्यूट आहे. तेथें शिकलेले रसूल पुकुट्टी ह्यांना 'स्लमडॉग मिलियनेअर' चित्रपटाच्या ध्वनिमिश्रणाबद्दल २००९ सालीं दोन सहकाऱ्यांसमवेत ऑस्कर मिळालें. काठी धरण्याच्या विद्येची योग्यता आम्हांस एवढ्या उशिरां कळली!

परतींच्या वाटेवर पुतण्यानें आणखी एक गोष्ट सांगितली, आणि ती आमच्या शास्त्राशीं तंतोतंत जुळली. शब्दांत बळ असतें तें स्वरांचें. अर्थ वाहतात तीं व्यंजनें. स, श, फ, ख ह्यांसारख्या वर्णांची शक्ति अल्प आणि त्यांचा कंप उच्च. वार्धक्यांत कानांची उच्च कंप ग्रहण करण्याची शक्तिच प्रथम मंदावते. म्हणून वृद्धांना बोलणें ऐकूं येतें, पण कळत नाहीं. 'सात' म्हटलें कीं 'हात' वाटतें, 'फार' म्हटलें कीं 'खार'. नटानें शब्द तोंडांतल्या तोंडांत ठेवला, मायक्रोफोन दूर राहिला, वर पार्श्वसंगीत चढविलें, कीं जें थोडें व्यंजन उरलें असेल तेंहि जातें. तरुण कान अंदाजानें भर घालतात. वृद्ध कान उघडे पडतात. पाणिनीय शिक्षेंत उत्तम पाठकाच्या गुणांत अक्षरव्यक्ति आणि पदच्छेद सांगितले आहेत, तर घाईनें वाचणारा आणि क्षीण कंठाचा ह्यांची गणना अधम पाठकांत केली आहे. वाघीण आपलीं पिलें दाढेंत धरून नेते तेव्हां तीं गळूंहि देत नाहीं आणि त्यांस दांतहि लागूं देत नाहीं, तसा वर्णांचा उच्चार करावा, हा तेथील दृष्टांत आम्ही जन्मभर मुलांना सांगत आलों. घरीं मात्र आम्ही मातोश्रींशीं पाठमोरे उभे राहून, वर्तमानपत्रांत डोळे घालून बोलत होतों.

घरीं आल्यावर आम्हीं चार गोष्टी केल्या. मातोश्रींचे कान रीतसर तपासून घेतले. दोष निघाला, आणि त्यासाठीं श्रवणयंत्र आणलें. कांहीं दोष त्यांचाहि होता, हें लपविण्यांत अर्थ नाहीं. दुसरें, टेलिव्हिजनचा आवाज न वाढवितां त्याची दिशा बदलली. अलीकडे हे संच पाटीसारखे पातळ झाल्यामुळें पुष्कळांचे ध्वनिवर्धक मागें किंवा खालीं तोंड करून असतात. शब्द भिंतीस आधीं भेटतो, माणसास मागाहून. पुतण्यानें एक लहान ध्वनिपेटी आणून श्रोत्यांकडे तोंड करून समोर ठेवली. तिसरें, तेवढा अर्धा तास वरचा पंखा बंद ठेवावयाचा. चौथें, मातोश्रींनीं विचारल्यास उत्तर तेव्हांच द्यावयाचें.

पंधरा दिवसांनीं तो वाड्यांतला प्रसंग दाखविला गेला. पुतण्या कामावर होता; पण त्यानें फोन करून आजीस बाहेर आणून बसविण्यास बजावलें होतें. मातोश्री आढेवेढे घेत आल्या. सून उंबऱ्याबाहेर पडली, सासू दारांत आली, तिचे ओठ हलले. आमचें लक्ष पडद्याकडे नव्हतेंच. मातोश्रींनीं पदर डोळ्यांस लावला आणि नातसुनेस म्हणाल्या, "परत ये म्हणते ग ती." विचारलें नाहीं, सांगितलें.

त्या अजूनहि मधून मधून विचारतात. पण आतां रोज बाहेर येऊन बसतात. घरांत वृद्ध माणूस असलेल्या वाचकांना आमचें एवढेंच सांगणें आहे कीं, 'ऐकूं येत नाहीं' हा निकाल देण्यापूर्वीं बोलणाराचें तोंड कोणीकडे होतें, तें एकदां तपासून पाहावें.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं फुलें निवडतांना मातोश्रींनीं आम्हांस विचारलें, "त्याची ती काठी जड असते का रे?" वाड्यांत आम्हीं ती हातांत घेऊन पाहिली होती, पांच मिनिटांत खांदे भरून आले होते. आम्ही त्यांच्यासमोर येऊन बसलों आणि सावकाश म्हणालों, "हो आई, जड असते."